रिकाम्या गाडीचा ब्रेक

खानदेशात शर्यतीचा ट्रॅक नाही. रस्ते आहेत आणि त्यांवर रोज शर्यती होतात, पण त्यांना वाहतूक म्हणतात. म्हणून नूतनची शर्यतीची गाडी तपासायला हाशमचाचा सावद्याचं गॅरेज बंद ठेवून भल्या सकाळी धुळ्याबाहेरच्या एका बायपासवर येऊन उभे होते. बायपास दोन किलोमीटर लांब, गुळगुळीत, पांढरे पट्टे मारलेला. पुढे पूल व्हायचा राहिला होता. रस्त्याचं उद्घाटन झालं, पुलाचं नाही, आणि मधल्या काळात शेजारच्या गावानं तिथे मका वाळवायला घातला होता. आज त्यांनी एक बाजू रिकामी करून दिली होती.

गाडी म्हणजे एक जुनी सेडान. नूतननं ती भंगारातून उचलली, आतल्या सीट काढल्या, लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवला, स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली. तिनं शिरपूरला इंजिनीअरिंग केलं होतं, आणि त्या शिक्षणाचा प्रत्यक्ष उपयोग करणारी ती तिच्या वर्गातली बहुधा एकटीच होती. दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर ती दोनदा उतरली. दोन्ही वेळा तेच झालं. लांब सरळ पट्टा संपला, वळणाआधी तिनं जोरात ब्रेक दाबला आणि गाडीचा मागचा भाग सुटून पुढे आला. दुसऱ्यांदा गाडी टायरच्या भिंतीवर गेली. संयोजकांनी कागदावर एका ओळीत लिहून दिलं : चालकाची चूक.

तो कागद नूतनचे वडील प्रेमराज यांच्या खिशात होता. केळीच्या धंद्यात तीस वर्षं काढलेला माणूस. बोलणं कमी आणि सौदा पक्का.

"तीन फेऱ्या," ते म्हणाले. "तिसऱ्या फेरीलाही फिरली तर गाडी भंगारात आणि तू चेंबरवर. केळी पिकवायची. ती फिरत नाहीत."

"पप्पा, माझा पाय नाही चुकत."

"गाडीला पाय नसतो, बेटा."

गाडीचं ब्रेकचं सगळं काम हाशमचाचांच्या हातचं होतं. सावदा, रावेर, फैजपूर या पट्ट्यात ब्रेक म्हटलं की हाशमचाचा, हे तिथलं पोरगंही सांगेल. मागून गाडी सुटते हे कळल्यावर त्यांनी मागचे शॉक बदलले, ॲक्सलचे बुश बदलले, चाकांची अलाइनमेंट करून घेतली. शेवटी मागचा ब्रेक कमी पडतो असं ठरवून मागे नवे, चांगले पकडणारे ब्रेक-शू टाकले. त्यानंतर गाडी जास्तच फिरायला लागली. उपचार बरोबर असून रोगीच चुकीचा निघावा, तसं झालं होतं.

सोबत अवजारांची पिकअप होती आणि पिकअपच्या फाळक्यावर अभिमन बसला होता. नूतन पंधरा वर्षांची असताना तिला गाडी शिकवली ती यानंच. तेव्हा तो प्रेमराज यांचा ड्रायव्हर होता. तीन वर्षांपूर्वी धुळ्याला माल उतरवून रिकामी पिकअप परत आणताना पारोळ्याच्या अलीकडे ती आडवी होऊन लिंबाच्या झाडाला लागली. गुडघा गेला. समोर दुसरी गाडी सापडली नाही, पाहिलेलं कोणी पुढे आलं नाही, त्यामुळे सगळ्यांनी मिळून ठरवलं की अभिमनला झोप लागली. नाव पडलं झोप्या. आता तो चेंबरवर घड मोजायचा. दोन वर्षं तो म्हणत होता, मी झोपलो नव्हतो. तिसऱ्या वर्षी त्यानं म्हणणं सोडलं. त्यालाही पटलं होतं.

"आता बघतो काय होतं ते," हाशमचाचा म्हणाले. त्यांनी खडू काढून गाडीच्या डाव्या बाजूच्या दोन्ही टायरवर, मधल्या नटापासून कडेपर्यंत, एकेक जाड रेघ ओढली.

"चाचा, ही काय पूजा?" नूतननं विचारलं.

"चाक फिरतं तोवर रेघ दिसत नाही. थांबलं की दिसते. आधी कोणाची दिसते ते मला बघायचंय. तू त्या दगडापाशी ब्रेक मार. पूर्ण. मला घाबरून अर्धा नको."

"मी कोणाला घाबरते?"

"तेच तर. म्हणून दूर उभा राहतो."

ते दगडापासून चांगले पंचवीस पावलं बाजूला, बांधापलीकडे उकिडवे बसले. शेजारी अभिमन लंगडत येऊन बसला. प्रेमराज उभेच राहिले.

गाडी आली. दगड आला. ब्रेक लागला आणि गाडीचं नाक खाली बसलं. मागच्या टायरवरची खडूची रेघ त्याच क्षणी उभीच्या उभी दिसली, शाळेतल्या फळ्यावर दिसावी इतकी स्वच्छ. पुढच्या चाकाची रेघ दिसलीच नाही. ते फिरत होतं. मग मागचा भाग हळूच, कोणी हात धरून वळवावा तसा बाजूला निघाला, गाडी पूर्ण फिरली आणि आली त्या दिशेला तोंड करून थांबली. धूर आणि जळक्या रबराचा वास मक्यावर पसरला.

"झालं," प्रेमराज म्हणाले. "एक."

नूतन हेल्मेट काढून उतरली.

अभिमन रस्त्यावरच्या काळ्या खुणांकडे बघत होता. "चाचा, ही आधी हलकी झाली," तो म्हणाला. "मागे कोणी नाहीच अशी. मंग फिरली." थोडं थांबून तो म्हणाला, "माले हे माहीत शे. झोपेत असंच वाटलं व्हतं."

हाशमचाचांनी त्याच्याकडे पाहिलं. मग चटई घेतली आणि ते गाडीखाली सरकले.

मागच्या ॲक्सलवरून एक दांडी वर बॉडीतल्या एका व्हॉल्व्हकडे जाते. गाडीत माल भरला की बॉडी खाली बसते, दांडी व्हॉल्व्हला ढकलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जोर जास्त मिळतो. गाडी रिकामी असली की दांडी सैल राहते आणि मागचा जोर कमी होतो. ज्यानं ही दांडी शोधून काढली त्याची समजूत होती की गाडी कधी भरलेली असते, कधी रिकामी. तो माणूस सावद्याला आला नसावा. सावद्यात गाडी भरलेली असते, आणि कागदावर लिहिलंय त्याच्या दुप्पट भरलेली असते. ड्रायव्हर म्हणायचे, चाचा, मागून पकडत नाही. म्हणून हाशमचाचांनी वीस वर्षांपूर्वी एक इलाज काढला. दांडी वर ढकलायची आणि बाइंडिंगच्या तारेनं कायमची बांधून टाकायची. मागे सदैव पूर्ण जोर. ड्रायव्हर खूश. तो इलाज भुसावळपासून बऱ्हाणपूरपर्यंत गेला. परतीची रिकामी खेप कोणी मोजत नसतं.

नूतनच्या गाडीखाली तीच तार होती. चार वेढे, टोक डावीकडे मुडपलेलं. ही मुडप त्यांचीच. कधी बांधली ते त्यांना आठवेना. डोक्याला न विचारता हातानं बांधली होती. ज्या गाडीत आता मागची सीटसुद्धा नव्हती, तिच्या मागच्या चाकांना त्यांनी दुप्पट केळ्यांचा ब्रेक देऊन ठेवला होता आणि वर नवे शू घातले होते.

ते बराच वेळ खालीच राहिले. वरून नूतननं विचारलं, "चाचा, सापडलं का काही?"

"पक्कड दे."

तार तुटली. त्यांनी दांडी सैल केली, गाडी खाली बसवलेली होती तेवढी ती आणखी मागे घेऊन नट आवळला. बाहेर येऊन खडूची रेघ पुन्हा ओढली. रेघ वाकडी आली.

दुसरी फेरी. दगड. या वेळी आधी पुढच्या चाकाची रेघ दिसली, मागचं फिरत राहिलं आणि गाडी सरळ रेषेत, नाक घासत, थांबली. तिसऱ्या फेरीला नूतननं ब्रेक दगडाच्या पुढे जाऊन मारला, बापाला दिसावं म्हणून. गाडी सरळ थांबली.

प्रेमराज यांनी खिशातला कागद काढला, वाचला आणि घडी करून नूतनच्या हातात दिला. "ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. तीस वर्षांत त्यांनी मागितलेली ही पहिली माफी असावी. मग ते वळले. "मानलं तुम्हाला हाशमभाई. काय होतं?"

हाशमचाचांनी एवढंच म्हटलं असतं तरी चाललं असतं : जरा सेटिंग चुकलं होतं. कोणी पुढचं विचारलं नसतं. नूतन पुढच्या महिन्यात ट्रॅकवर गेली असती आणि सावद्यात चाचांचं नाव आणखी वर चढलं असतं. मुठीत तारेचा तुकडा होता. ते तो खिशात टाकू शकत होते.

"माझी चूक होती," ते म्हणाले. "पोरीचा पाय बरोबर होता. मीच बांधलं होतं." त्यांनी मूठ उघडली.

"असू द्या. होतं माणसाकडून," प्रेमराज म्हणाले.

"अजून संपलं नाही."

ते पिकअपकडे गेले. हीच पिकअप लिंबाला लागली होती. प्रेमराज काही टाकून देत नाहीत. चासी सरळ करून घेतली, फाळका बदलला आणि गाडी पुन्हा कामाला लावली. ब्रेक हाशमचाचांनीच केले होते. ते खाली वाकले आणि म्हणाले, "अभिमन, इकडे ये. मला बसता येतं तसं तुला येणार नाही, पण वाकून बघ."

अभिमन गुडघा सरळ ठेवून, हात जमिनीला टेकवून वाकला. ॲक्सलच्या वर तार होती. चार वेढे, टोक डावीकडे.

"तुझ्या वेळीही हीच होती. मी बांधलेली. गाडी रिकामी होती. तू ब्रेक मारलास म्हणून ती फिरली. झोपलेला माणूस ब्रेक मारत नाही रे."

चेंबरवरचं घड मोजायचं काम अभिमनला कोणी दिलं, आणि कशाबद्दल, हे प्रेमराज यांना आठवत असणार.

अभिमन तसाच वाकून तारेकडे बघत राहिला. शिवी देईल, असं हाशमचाचांना वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं.

"मंग मी जागा व्हतू का, चाचा?"

"जागा होतास."

अभिमन सावकाश रस्त्यावर खाली बसला. नूतन त्याच्याजवळ येऊन बसली, हेल्मेट मांडीवर घेऊन.

"मंग ती बाई खरी व्हती," तो म्हणाला. कोणालाच कळलं नाही, आणि ते त्याच्याही लक्षात आलं. "ट्रॅक्टर आडवा आला वावरातून. ट्रॉलीत कापूस भरेल. कापसावर एक बाई बसेल व्हती, जांभळं लुगडं. तिनी मन्हाकडे पाहिलं आणि हात वर केला. असा. मी ब्रेक मारा. गाडी फिरनी तरी ती दिसत व्हती." त्यानं स्वतःचा हात वर करून दाखवला. "मी ते सपन समजी बसनू. कोणाले सांगं नही. आधीच झोप्या म्हणतस, त्यात सपनबी सांगू का?"

हाशमचाचा त्याच्यासमोर खाली बसले. पक्कड त्यांच्या हातात होती, पण पिकअपखाली जायला त्यांना अजून जमत नव्हतं.

"तिच्या हातात काही व्हतं," अभिमन आठवत म्हणाला. "इळा असंन. नही. डबा व्हता. जेवणाचा डबा."

"सांग," नूतन म्हणाली. "सगळं सांग."

आणि तो सांगत राहिला. ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा होता, ऊन कोणत्या बाजूनं येत होतं, झाड जवळ येताना त्याच्या खोडाला चुना लावलेला कसा दिसला. तीन वर्षं बाजूला ठेवलेली ती सकाळ तो एकेक करून बाहेर काढत होता. मधेच थांबून विचारायचा, हे खरं असेल ना? आणि दर वेळी हाशमचाचांना मान हलवून हो म्हणावं लागत होतं.