बारदानाची धूळ

पहिला फटका गादीवर बसला, दुसरा भगवानच्या हातावर आणि तिसरा त्याच्या डोक्यात.

तिसरा चुकून बसला, असं रखमा पुढे कधीच म्हणाली नाही. गादी दारात टाकून ती झोडत होती. भगवान, तिचा नवरा, आडवा आला, त्याने तिच्या कानाखाली वाजवली आणि गादीचं टोक धरून ओढलं. हमालीत पाठ गेल्यावर त्याने ती भरून घेतली होती. जमिनीवर त्याला पडवत नसे.

"गादी सोड, रखमे. माझी पाठ मोडलीय."

"अन् लेकराचा जीव चाललाय, त्याचं काय? डाक्टर बोलला, झोपायच्या जागी धूळ नको. कापसात धूळ बसती. व्हा बाजूला तुमी."

तो झाला नाही.

काठी गोदामातलीच होती. तुर्भ्याला बारदानाच्या गोदामात रखमा रिकामी पोती उलटी करून झोडायची. कांद्याची, तांदळाची, मिरचीची. दिवसाला दोनशे. तिच्याइतका जोराचा हात तिथे कुणाचा नव्हता आणि तिला त्याचा गर्व होता. मुकादमाने एकदा पदराला हात लावला, तेव्हा त्याचं मनगटही याच काठीने सुजलं होतं.

लेक गौतमी सहा वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून झोपली की तिच्या छातीत शिट्टी वाजायची, ओठ काळेनिळे पडायचे. रखमा तिला उराशी घट्ट धरून सकाळ करायची. डॉक्टरने खोली साफ ठेवायला सांगितलं. तू काय काम करतेस, हे त्याने विचारलं नाही आणि सांगावं असं रखमाला सुचलं नाही. गोदामातल्या धुळीला ती धूळ म्हणतच नव्हती, ते तिचं काम होतं. तिने गोधड्या जाळल्या, मांजर हाकललं, जुन्या कपड्यांची पेटी नाल्यात फेकली. पोरीचा श्वास काही मोकळा झाला नाही. मग गादी उरली.

भगवानच्या डोक्यातून रक्त वाहू लागलं, वस्तीतल्या कुणीतरी हवालदाराला आणलं. चौकीत रखमाला दोन दिवस बसवून ठेवलं. एका शिपाईणीने दोन मुस्कटात दिल्या. रखमाने त्या मुकाट खाल्ल्या. आपण नसताना पोरीला धरून कोण बसलं असेल, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भगवान आला. डोक्याला पट्टी, सात टाके.

"सायेब, मीच पडलो," तो म्हणाला. "बायकोला सोडा."

बाहेर आल्यावर रखमाने आधी तेच विचारलं. "गौतमी?"

"झोपली. दोन्ही राती. खोकलीबी न्हाई."

"कुठं झोपली?"

"माझ्यापाशी. गादीवर."

तो टोमणा नव्हता. पोर कशी काय झोपली, हे त्यालाही कळत नव्हतं. पण रखमा रस्त्यातच थांबली. गादी होती, भगवान होता, भिंतीची ओलही होती. नव्हती ती एकटी रखमा. तिने वेणीवरून हात फिरवला. तळव्याला तेलकट राखाडी भुकटी लागली. वस्तीत पाणी दिवसाआड यायचं, केस रविवारी धुतले तर धुतले. आणि पोर रोज त्याच वेणीत तोंड खुपसून झोपायची.

घरी येताच तिने सुतळी कापायची सुरी घेतली आणि मानेमागे घातली. भगवानने मनगट पकडलं.

"लोक म्हनतील, मी मेलो."

"तुमी मेलात तरी मी केस ठिवले असते. पोरगी मेली तर केस घिऊन काय करू?"

तिने हात सोडवायला हिसका दिला आणि सुरी मानेत घुसली. रक्ताचा ओघळ पाठीवर उतरला. तेव्हा भगवानने मनगट सोडलं आणि वेणी ताणून धरली, तिला नीट कापता यावी म्हणून. वेणी हातात आल्यावर तिने उरलेले केस मुळापासून खरडले. मग प्यायच्या पाण्याचा हंडा डोक्यावर ओतून घेतला.

बालवाडीतून आलेली गौतमी दारातच किंचाळली. रखमा जवळ गेली तर तिने आईच्या पोटावर लाथ मारली. "तू माझी आई न्हाईस," ती रडत म्हणाली. रखमाला ती लाथ कुठल्याही मारापेक्षा जास्त लागली.

दिवेलागणीला पोर रडून दमली आणि बापाकडे तोंड करून गादीवर पडली. रखमा दुसऱ्या बाजूला, जमिनीवर आडवी झाली. बऱ्याच वेळाने झोपेतच पोरीने कूस बदलली. तिचा हात रखमाच्या मानेवर आला. तिथे काही वेळ चाचपडला आणि जखमेच्या खरबरीत कडेवर थांबला. चुरचुरत होतं. रखमा छातीचा आवाज ऐकत राहिली. शिट्टी नव्हती.

मानेला रग लागली, तरी तिने कूस बदलली नाही.