अत्तररावांची हरकत

सभागृहात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. बाई औषधांच्या समितीवर होत्या. सरकार कोणतं औषध घेणार, हे जगाला कळण्याआधी त्या बंद खोलीत कळे. एकदा असाच निर्णय झाला आणि चहा येईपर्यंत अर्धी समिती व्हरांड्यात. जो तो भिंतीकडे तोंड करून फोनवर "घे, घे, आजच घे" म्हणतोय. बाईंना वाटलं, कुणाच्या घरी आजारपण आहे की काय. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीचा शेअर भडकला, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

मग त्यांनी विधेयक आणलं: पदावर असेपर्यंत सभासदाने शेअर बाळगायचे नाहीत. दोनदा ते आपटलं. आता तिसरी खेप, आणि शेवटचीच. बाईंची मुदत संपत आली होती, नि पुन्हा निवडणुकीला उभं राहायला गुडघे तयार नव्हते.

आदल्या दिवशी वकील सुनेने टोकलं, "आई, बाबांचे ते सिमेंटचे शेअर अजून तुमच्या नावावर आहेत. विकून टाका. उद्या तेच तोंडावर मारतील."

"मारू देत. मी लपवलंय का कुणापासून? कायदा झाला की पहिल्यांदा मीच विकेन. नाही झाला, तर एकटीनेच कशाला शहाणं व्हायचं?"

"तुमच्यापुढे कोण बोलणार!" सून म्हणाली.

विरोधाची सूत्रं अत्तररावांकडे होती. माणूस दिसण्याआधी त्याचा वास यायचा, म्हणून हे नाव. बहुमत त्यांच्या खिशात होतं. नुसतं मतदान होऊ दिलं असतं तरी विधेयक पडलं असतं. पण बाईंची फजिती केल्याशिवाय त्यांना चैन कुठलं?

"सभापती महोदय, हरकत!" ते उठले. "ज्याचा स्वतःचा फायदातोटा गुंतलाय, त्याने मत न देता बाहेर जायचं, हा इथला जुना नियम. बाईंच्या स्वतःकडेच शेअर आहेत, आणि चालल्यात आम्हाला शिकवायला!"

बाकं वाजली. वरच्या प्रेक्षकांच्या सज्जात सुनेने कपाळाला हात लावला. म्हातारे सभापती म्हणाले, "हरकत योग्य आहे. बाई, तुम्हाला मत देता येणार नाही."

बाईंचे कान तापले. आधीच मतं कमी, त्यात हक्काचं एक गेलं. त्या पर्स उचलायला वाकल्या आणि वाकल्याजागीच थबकल्या.

"निकाल मान्य आहे, महोदय. निघाले मी. एवढंच सांगा, हा नियम माझ्या एकटीला, की ज्याच्याकडे शेअर आहेत त्या सगळ्यांना?"

सभापतींनी चष्मा नाकावर आणला. "सगळ्यांना. त्यांनी बाहेर जावं. घंटा झाली की दारं बंद होतील."

अत्तररावांच्या तोंडचं पाणी पळालं. "महोदय, मी हरकत मागे घेतो."

"निकालानंतर हरकत मागे घेता येत नाही. गेल्या वर्षी तुम्हीच मला हे पटवून दिलंत."

बाई व्हरांड्यात येऊन उघड्या दारातून पाहू लागल्या. आत कुणी हलेना. पुढच्या बाकावरचा जाडा सभासद म्हणाला, "माझ्याकडे काही नाही बुवा."

शेजारचा उसळला, "काही नाही? मग मला 'घे, घे' म्हणून फोन कुणी केला?"

"हळू बोल ना, लेका!"

सज्जात हशा पिकला. आता लपवायची सोय नव्हती. प्रत्येकाने दुसऱ्याला घ्यायला सांगितलेलं, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक. एक उठला, मग दुसरा, मग रांगच लागली. "बायकोच्या नावावर आहेत हो," एकाने रडगाणं लावलं. "मग जेवता कुणाकडे?" सभापती म्हणाले. तोही बाहेर.

"जरा सरकता का, बाई?"

"या, या. भरपूर जागा आहे."

शेवटी अत्तरराव आले. व्हरांडाभर घमघमाट. "हे तुम्ही आधीच ठरवलं होतंत," ते दातओठ खात म्हणाले.

"शप्पथ नाही. एवढं सुचत असतं, तर दोनदा आपटले असते का?"

घंटा झाली. दारं लागली. बाईंनी दाराला कान लावला.

"विधेयकाच्या बाजूने?" आतून 'होय'चा असा गजर उठला की दाराची काच थरथरली.

"विरोधात?"

कुणीतरी खोकलं. तेवढंच.

"विधेयक मंजूर!"

बाकांचा कडकडाट थांबेचना. जिन्यावरून धावत आलेल्या सुनेने भर व्हरांड्यात सासूला मिठी मारली. "आई! अहो आई, झालं!"

"झालं गं बाई, झालं! सोड आता, लोक बघतायत."

"बघू देत!"

दारं उघडली. आतले सगळे उभे होते. बाई पदर सावरून, ताठ मानेने आत शिरल्या, आणि बाकीचे निमूटपणे त्यांच्या मागून.