खुरपी, आत्या आणि आखूड टेप

मी एक जुनी खुरपी आहे, मित्रांनो. जुनी असले तरी बोथट नाही, हे आधीच सांगून ठेवते. गाडीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून एका लोहाराने मला घडवलं. घाव बसताना मी खूप कुरकुरले, पण पातं असं जमलं की तो स्वतःच म्हणाला, "ही माझ्यानंतरही टिकेल."

मला विकत घेतलं एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी. घरातली भाची त्यांना आत्या म्हणते, म्हणून मीही आत्याच म्हणते. घरामागे त्यांचा एक लांबट वाफा होता. पाऊस सरून ऊन कोवळं झालं की त्या रोपं आणत आणि शिवणाची टेप जमिनीवर पसरून लावत. कोबीच्या दोन रोपांत अठरा इंच म्हणजे अठराच! काठाला झेंडू, झग्याला लेस लावावी तसा. शेजारपाजारचे वाफा बघायला येत, तेव्हा आत्या माझं पातं पुसत म्हणत, "सगळं हिचं काम." मी नुसती फुगून जायचे.

मग आत्यांचे गुडघे दुखू लागले. दोन वर्षं वाफ्यात तण माजलं आणि मी फुटक्या बादलीत गंजत पडले. फार वाईट वाटायचं.

यंदा आत्यांच्या भावाने ठरवलं, वाफ्यावर फरशी घालून तिथे स्कूटर लावायची.  आत्या शिवणयंत्र जरा जोरात चालवू लागल्या. भाचीला त्यामागचं कारण बरोबर कळलं. ती बापाशी भांडली, तेव्हा तो म्हणाला, "गवंडी सोमवारी येतोय. तोवर वाफा भरला तर फरशी रद्द. पण जेवढी जागा मोकळी दिसेल, तेवढ्यावर फरशी पडणार म्हणजे पडणार!"

रविवारी भाचीने मला बादलीतून काढून विटेच्या तुकड्याने घासलं. अहाहा, काय सुख ते! दोन वर्षांनी मी मातीत शिरले. आत्या स्टुलावर बसून हुकूम सोडत होत्या. "मुळांची माती सुटू देऊ नकोस. रोपाचा गाभा मातीत बुडवू नकोस. आणि अठरा इंच!" भाची जीव लावून मोजत होती. पण संध्याकाळी रोपं संपली, तरी वाफ्याचा तिसरा हिस्सा मोकळाच. नेमकी स्कूटर मावेल एवढा! रोपवाटिकाही बंद झाली होती.

सोमवारी सकाळीच गवंडी हजर. भाऊ मोकळ्या जागेकडे बोट दाखवू लागला. भाची रडवेली झाली. "आत्या, मी अठरा इंच मोजूनच लावली गं!"

गवंडी रोपांकडे बघून म्हणाला, "ताई, ही काही अठरावर नाहीत. बारावर आहेत. माझी नजर चुकायची नाही."

आत्यांनी टेप हातात घेतली, कपाळावर हात मारला आणि त्या हसतच सुटल्या. "अगं, तुला सांगायचंच राहिलं!" फार पूर्वी कापडाबरोबर त्या टेपचे पहिले सहा इंच कात्रीखाली गेले होते. तेव्हापासून टेप सहाच्या आकड्यापासूनच सुरू होई, म्हणून आत्या प्रत्येक मापात मनातल्या मनात सहा मिळवत. मला हे ठाऊक होतं, पण खुरपीचं ऐकतो कोण!

"दे इकडे ती खुरपी," आत्या म्हणाल्या. मग त्या स्टुलावरून उठल्या. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. त्यांची बोटं माझ्या मुठीवर जिथल्या तिथे बसली, आणि मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. एकेक रोप मातीच्या गोळ्यासकट उचलून आम्ही पुढे सरकवलं. गवंड्याने स्वतःची दोरी ताणून दिली. ओळ सरळ कुणाची, यावरून त्याचं आणि आत्यांचं चांगलंच जुंपलं. काठाचा झेंडूही पुढे सरकला. शेवटचं रोप वाफ्याच्या अगदी टोकाला बसलं.

 भाऊ गुपचूप झारी भरून आणायला गेला.

आता माझी जागा शिवणयंत्राशेजारच्या खिळ्यावर आहे. यंत्राला तेल घातलं की एक थेंब मलाही मिळतो. मित्रांनो, तुमच्याकडची खुरपीही काम झाल्यावर धुऊन, पुसून ठेवा. आणि घरात कुणी स्टुलावर बसून नुसतं बघत असेल, तर ती एकदा त्यांच्या हातात देऊन पाहा.