दुसरी पसंती

आखाती युद्ध सुरू झालं आणि इस्राएलमधल्या डिमोनात इराकी क्षेपणास्त्रांचे सायरन वाजू लागले, तशी शुलामितची झोप उडाली. तिचा नवरा मेयर अर्धांगवायूने खाटेला खिळलेला, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही.

सायरन झाला की जिन्यात कोणी वर धावे, कोणी खाली. पोरं चेंगरत. म्हणून इमारतीतली नऊ कुटुंबं एका दुपारी तळमजल्यावर ब्राखाकडे जमली. कुठे बसायचं? मिकलातमध्ये, म्हणजे तळघरातल्या बॉम्बनिवाऱ्यात, ब्राखाच्या प्लास्टिक लावून बंद केलेल्या खोलीत, की आपापल्या घरी? नेहेमियाला मिकलातच हवं होतं. क्षेपणास्त्र पडलं तर वर काही शिल्लक राहणार नाही, म्हणाला. ब्राखा म्हणाली, विषारी वायू जड असतो, आधी तळघरातच उतरेल.

योना शाळेत गणित शिकवायची. तिने सुचवलं, प्रत्येक घराने तिन्ही जागा पसंतीच्या क्रमाने लिहायच्या. जिला पहिली पसंती सर्वांत कमी, ती बाद, आणि तिच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीला जातील. जी जागा ठरेल तिथेच सगळ्यांनी एकत्र जायचं.

शुलामितने पहिलं आपलं घर लिहिलं. मेयरला एकटीने उतरवणार कशी? पण वर आपण दोघंच उरलो तर? दुसरं तिने ब्राखाचं घर लिहिलं.

मिकलातला चार, ब्राखाला तीन, आपापल्या घराला दोन. घर बाद झालं, त्या दोन्ही चिठ्ठ्या ब्राखाकडे गेल्या आणि पाचाला चार असा निकाल लागला. नेहेमिया उठून गेला. वायू त्याच खोलीत शिरला तर, शुलामितच्या मनात आलं.

संध्याकाळी ती मेयरला सूप भरवत असताना सायरन झाला. तिने त्याला विषारी वायूपासूनचा मास्क चढवला, मग स्वतःला. दाराबाहेरून पावलं धडधडत खाली गेली, आणि जिना शांत झाला.

"तू जा," मेयर मास्कमधून अडखळत म्हणाला.

"मी कुठे जाऊ तुम्हांला टाकून?" ती खाटेच्या कडेला बसली.

दारावर थाप पडली. नेहेमिया होता, मागे ब्राखाचा मुलगा एयाल.

"सगळ्यांनी एकत्र, असं ठरलंय ना मावशी," नेहेमिया म्हणाला. दोघांनी मेयरला चादरीत उचललं.

खोलीत सगळ्यांचे श्वास मास्कमधून घरघरत होते. दूर कुठेतरी धडाका झाला आणि खिडकीचं प्लास्टिक थरथरलं.

बऱ्याच वेळाने रेडिओने मास्क काढायला सांगितलं. नेहेमियाची बोटं इतकी कापत होती, की त्याला पट्टा सुटेना. शुलामितने तो सोडवून दिला.