निळ्या खुणेची सहा पिल्लं

मित्रांनो, मी एक म्हातारी पांढरी उंदरीण आहे. प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या फळीवर माझा पिंजरा. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण जनुकांवरचे वाद ऐकतच मोठी झाले.

पिल्लं चाटावीत तर मीच! नाकापासून शेपटीपर्यंत एक केस सोडायची नाही. समोरची शेजारीण भित्री. दूध पाजलं की कोपऱ्यात जाऊन बसायची. तिची पिल्लंही जरा भांडं वाजलं की थरथरायची.

"रक्तातच आहे ते," मोठे सर म्हणायचे. "आईने कसं वाढवलं, ते वारशात उतरत नसतं."

एकदा पिंजरे धुणाऱ्या मावशींनी पिल्लं डब्यांत काढून ठेवली, डब्यांवरच्या भिजलेल्या चिठ्ठ्या वाळवल्या आणि लावताना अदलाबदल केली. शेजारणीची नवजात सहा माझ्या पदरात, माझी सहा तिच्याकडे! काळजात चर्र झालं. पण भुकेल्या तोंडाला 'तू कोणाचा' असं विचारतात का? घेतली कुशीत, लागले चाटायला.

आठवड्याने सरांना माझ्या कुशीतल्या पिल्लांच्या शेपटीवर शाईची निळी खूण दिसली; ती शेजारणीच्या पिल्लांना जन्मतःच लावलेली. "सगळा घोळ! बाराही पिल्लं काढून टाका."

मावशी रडवेल्या झाल्या. "चूक माझी, सर. त्या मुक्या जिवांना कशाला शिक्षा?"

"सर, चूक झालीच आहे," सरांची विद्यार्थिनी ताई म्हणाली, "तर तिचं पुढे काय होतं ते तरी बघू."

सरांनी कपाळाला हात लावला, पण थांबले.

माझी निळी पोरं मोठी झाली. मावशींनी बादली आपटली तरी ढिम्म! पुढे निळ्या लेकी आपल्या पिल्लांना चाटू लागल्या, अगदी माझ्यासारख्या. माझ्या पोटची सहा मात्र टाचणी पडली तरी दचकायची. जीव तुटायचा हो.

ताईने तपासलं. जनुकांची अक्षरं होती तशीच होती. कोणतं जनुक जागं, कोणतं झोपलेलं हे ठरवणाऱ्या त्यांच्यावरच्या बारीक खुणा मात्र मायेने बदलल्या होत्या. सरांनी चष्मा पुसला. "जनुकांचं जुनं पुस्तक खोटं नाही," ते हळूच म्हणाले, "पण अपुरं आहे खरं."

"मला आधीच विचारायचं होतंत की," मावशी म्हणाल्या. "पाच पोरं वाढवलीत मी."

मित्रांनो, एखादं लेकरू बुजरं दिसलं तर 'त्याचं रक्तच तसं' म्हणून मोकळे होऊ नका. आधी त्याला जवळ घ्या.

काल माझी पोटची लेक व्याली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. ताईने तिची पिल्लं उचलून माझ्या पिंजऱ्यात ठेवली; इथे माझ्यासोबत नुकतीच व्यालेली एक निळी लेकही राहते. दूध निळी पाजते. माझं आटलंय, पण जीभ अजून शाबूत आहे.