वीतभर उंचीचं जांभळं झाड

चित्रकलेच्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि एका जांभळ्या फुलांच्या झाडामागे हात धुऊन लागल्या. झाड वर्षानुवर्षं टिकणारं, पण कंबरेएवढं वाढायचं, वाऱ्याने आडवं व्हायचं आणि महिन्याभरात फुलं संपून नुसत्या काड्या उरायच्या. बाई दरवर्षी बी पेरायच्या, सगळ्यांत बुटकं रोप ठेवायच्या आणि बाकीची जिवावर येऊनही उपटायच्या. नवव्या वर्षी मनासारखं झाड मिळालं. वीतभर उंच, गुबगुबीत, आणि सात महिने झाले तरी फुलायचं थांबेना.

"आता पुरे करा, नाहीतर पुढच्या वर्षी ते जमिनीखालीच फुलेल," नवरा म्हणाला. पण वाळकी फुलं खुडायला तोच बरोबरीने बसायचा. मुळांचा गड्डा फोडून नवं रोप कसं करायचं, हे बाईंनी फक्त त्याला शिकवलं होतं.

फुलांच्या प्रदर्शनाला बाई सहज म्हणून गेल्या, तर पहिल्या बक्षिसाच्या टेबलावर तेच झाड! पाटीवर धाकट्या नणंदेचं नाव आणि खाली 'स्वतः तयार केलेलं वाण'. अक्षर नवऱ्याचं होतं.

नणंद चपापली. "वहिनी, रागावू नका हं. दादानेच आणून दिलं. फॉर्मही त्यानेच भरला."

बाई तशाच घरी आल्या. नवरा पेपर वाचत होता.

"तिचं आयुष्यात कधी कुणी कौतुक केलंय का?" तो म्हणाला. "तू कुठे प्रदर्शनात भाग घेणार होतीस? घरातलं घरातच राहिलं ना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे तुम्हाला कळत होतं."

त्याने पेपरची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी बाई आपल्या वह्या घेऊन संयोजकांकडे गेल्या. नऊ वर्षांतल्या प्रत्येक रोपाचं चित्र, खाली तारीख. संयोजकांनी पानं उलटली, माफी मागितली आणि पाटी बदलली. नणंदेने येणंजाणं बंद केलं. बाईंना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. नणंदेने तर नुसतं दिलेलं घेतलं होतं; देणारा घरातच होता.

नवऱ्याने दोनदा माफी मागितली. बाई दोन्ही वेळा "बरं" म्हणाल्या. घरात भांडण असं झालंच नाही. फक्त बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, मनात आलेली गोष्ट त्याला सांगावी की नाही, याचा बाई आधी विचार करू लागल्या.