न उघडलेली घडी

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. झेरॉक्सच्या दुकानात असतो तसला लहानखुरा नव्हे. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या पानापानाचे छायाचित्र काढणारा, चांगला पुरुषभर उंचीचा. मला दोन कॅमेरे आहेत, पुस्तक अर्धवट उघडून ठेवायला तिरक्या फळ्यांचा पाळणा आहे, पान दाबायला काच आहे आणि पायाने दाबायचे पेडल आहे. होते, असे म्हणायला हवे. एक कॅमेरा केव्हाच काढून नेला आणि पेडलचा पत्ता नाही. सध्या माझा मुक्काम जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या संगतीत असतो.

मी आलो तेव्हा काय थाट होता! कुलगुरूंनी फीत कापली, फोटो निघाले आणि एका पाहुण्यांनी भाषणात मला ज्ञानाचा रक्षक म्हटले. मीही हुरळून गेलो. मग मला तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत नेऊन बसवले आणि पाहुणे चहा प्यायला गेले.

त्या खोलीत माझ्याआधीपासून एकजण होते. पुस्तके बांधणारे काका. खळीचे भांडे, दाभण, दोरा आणि कागद दुमडायची एक हाडाची पट्टी, एवढा त्यांचा संसार. आणि मला चालवायला कंत्राटावर एक तरुण बाई नेमली होती. तिचे हात इतके झरझर चालत की काकांनी पहिल्याच आठवड्यात तिचे नाव भिंगरी ठेवले आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसले.

काकांची एक शिस्त होती. जुन्या प्रबंधांच्या शेवटी मोठे तक्ते आणि नकाशे घडी घालून बांधलेले असतात. कागद पुस्तकापेक्षा मोठा, म्हणून त्याची चार-सहा वेळा घडी. असे पान आले की काका भिंगरीला थांबवत. हलक्या हाताने एकेक घडी उलगडत, पट्टी फिरवून सुरकुती मोडत, कडांवर वजने ठेवत आणि मग म्हणत, "हं, आता काढ." मी त्या कागदाची तुकड्यातुकड्याने छायाचित्रे घेई. एका तक्त्याला दहा-बारा मिनिटे सहज जात. कोणी हटकले तर काका म्हणत, "लिहिणाऱ्याचा जीव शेवटच्या पानात असतो बाबांनो. तेच सोडून कसं चालेल?"

माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस.

मग वरच्या मजल्यावर पडदे, मऊ खुर्च्या आणि संगणकांचे नवे दालन करायचे ठरले. तिथे संगणकातला एक बोलका सहायक येणार होता. विद्यार्थ्याने प्रश्न विचारायचा आणि त्याने आमच्या साऱ्या पुस्तकांतून शोधून चुटकीसरशी उत्तर द्यायचे. पण दालनाला जागा हवी, म्हणजे कपाटे हलवायला हवीत. तेव्हा असे ठरले की ज्या पुस्तकाची प्रत यंत्रात पूर्ण झाली, ते पुस्तक काढून टाकायचे. आमच्या दारात एक हातगाडी येऊन उभी राहिली. 'पूर्ण' असा शिक्का बसला की पुस्तक गाडीत, आणि गाडी भरली की लगदा करणाऱ्याच्या टेंपोत.

भिंतीवर एक पडदाही लागला. त्यावर दिवसाची पाने दिसत. रोज दोन हजार झालीच पाहिजेत, असा हुकूम होता. काका त्याच महिन्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणालाच नेमले नाही. भिंगरीने ग्रंथपाल साहेबांना घडीच्या पानांबद्दल विचारले. साहेब वाईट माणूस नव्हते, पण वरून रेटा असला की ते खाली रेटत.

"ते नंतर बघू," साहेब म्हणाले. "आधी आकडा गाठा."

एके दुपारी माझ्या पाळण्यात एक जाड प्रबंध आला. तीस वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने गावोगाव सायकलवर फिरून एकशे चाळीस विहिरींचे पाणी तपासले होते. शेवटी एकच मोठा तक्ता होता, घडी घातलेला. भिंगरीने घडीत अंगठा घातला. मान वळवून भिंतीकडे पाहिले. सोळाशे. तिने अंगठा काढला, काच खाली घेतली आणि पेडल दाबले. मी त्या घडीच्या पाठीचे छायाचित्र काढले. पाठ कोरी होती. यंत्राने पान मोजले, 'पूर्ण' म्हटले आणि प्रबंध गाडीत गेला.

दीड वर्षाने त्या विहिरींच्या गावातली एक बाई आली. शाळेत विज्ञान शिकवत होती. गावाशेजारी रंगाचा कारखाना आला तेव्हापासून विहिरींचे पाणी बिघडले, असे गावाचे म्हणणे. कारखाना म्हणे, पाणी मुळातच खराब आहे. तिच्या थोरल्या बहिणीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती. गल्लीत आणखी सहाजण तसेच. कारखान्याच्या आधीचे पाणी कसे होते, हे जगात एकाच कागदावर होते. तो विद्यार्थी वारला होता आणि विभागातली दुसरी प्रत ओलीने सडली होती.

बाईने आधी वरच्या बोलक्या सहायकाला विचारले होते. त्याने अदबीने विहिरीवार आकडे सांगितले. गाव हरखून गेले. गावाने कारखान्यावर केलेल्या दाव्याच्या सुनावणीत त्याच्या वकिलाने मूळ पान मागितले, म्हणून ती पानाची प्रत घ्यायला आली. पडद्यावर पान उघडले तेव्हा तिथे कोरा कागद होता. सहायकाने न पाहिलेल्या तक्त्यातले आकडे आपल्या मनानेच रचले होते.

साहेब तिला घेऊन आमच्या खोलीत आले. "प्रत पूर्ण आहे. तशी नोंद आहे," ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

"साहेब, याला पूर्ण म्हणता?" बाई म्हणाली. "शेवटच्या पानावर काहीच नाही."

भिंगरी माझ्याशेजारी उभी होती. तिचे कंत्राट त्याच महिन्यात संपत होते. ती चकार शब्द बोलली नसती तरी कोणाला कळले नसते. मी तर साक्ष देऊ शकत नव्हतो.

"ती घडी आहे," भिंगरी म्हणाली. "आत तक्ता होता. मी उघडला नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. "काय बोलतेयस कळतंय का? उद्या बाकीच्या हजारो पुस्तकांचं कोणी विचारलं तर?"

"विचारायलाच पाहिजे, साहेब."

साहेबांनी तरीही पत्र दिले ते 'डिजिटल प्रत पूर्ण आहे' असेच. भिंगरीने आपल्या हाताने दुसरे लिहून दिले, खाली पूर्ण नाव आणि सही. तिचे कंत्राट पुढे वाढले नाही, हे सांगायला नकोच.

शेवटच्या दिवशी ती डबा आणि चप्पल पिशवीत भरत असताना विहिरींच्या गावची ती बाई पुन्हा आली आणि काकांच्या रिकाम्या स्टुलावर बसली.

"ताई, तुमचं पत्र सुनावणीत वाचलं. तक्ता होता, हे त्यांनी मान्य केलं. मग विचारलं, त्यात काय होतं?"

"मग?"

"मग काय. मला कुठं माहीत होतं? सहायकाचे आकडे आधी दिलेले, त्यामुळे खोटारडी ठरले ती वेगळीच. निकाल कारखान्याच्या बाजूने लागला."

भिंगरीने पिशवी खाली ठेवली. "बहीण कशी आहे?"

"आठवड्यातून तीनदा यंत्राला लावतात. पाणी त्याच विहिरीचं पितोय. दुसरं आहे कुठं?"

भिंगरी रडली नाही. तिने फक्त "माझं चुकलं" म्हटले. बाई "तुमचं एकटीचं नाही" म्हणाली आणि दोघी बरोबरच बाहेर पडल्या. माझ्या काचेवरचे फडके तसेच राहिले.

मित्रांनो, वर आता नवे, झटपट यंत्र आले आहे. तुम्ही मोठे व्हाल, अशाच ग्रंथालयांत शिकाल आणि आमच्यासारखी यंत्रे तुम्हाला 'पूर्ण' म्हणून सांगतील. आमचा राग करा, असे मी म्हणत नाही. करू नका, असेही म्हणवत नाही. एवढेच करा. मूळ कागद फेकण्याआधी तो आपल्या हातांनी शेवटपर्यंत उघडून बघा. आम्हाला हात नाहीत. मी त्या कागदाच्या इतका जवळ होतो, त्याचे छायाचित्र मीच काढले, आणि त्या एकशे चाळीस विहिरींचे पाणी कसे होते ते मला ठाऊक नाही.